डोंगर एक पाऊल पुढे

"खा, नाहीतर डोंगर एक पाऊल पुढे येईल," असं मी म्हटलं तेव्हा माझ्या हातात घास होता आणि लक्ष गॅसवरच्या दुधाकडे होतं. वाक्य तोंडातून आपोआप गेलं. आणि ते संपतंय न संपतंय तोच लांबवर कुठेतरी धप्प झालं. फार मोठा आवाज नव्हता, वरच्या मजल्यावर कुणीतरी जाड गादी आपटावी तसा. पण खिडकीची काच थरथरली, ओट्यावरच्या जाळीत पालथे घातलेले पेले एकमेकांना लागून किणकिणले. माझ्या मुलीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती खाते ते साखरेच्या दाण्याएवढं. तर उंच खुर्चीत बसलेल्या मुंगीने तोंड घट्ट मिटलं, मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं आणि अतिशय समाधानाने म्हणाली, "टाकलं."

"काय टाकलं?"

"पाऊल."

घास माझ्या हातात तसाच राहिला. दूध उतू गेलं.

मी काही धाक दाखवणाऱ्या आयांपैकी नाही. निदान नसायचं, असं मी गरोदरपणातच ठरवून टाकलं होतं. माझ्या लहानपणी आमच्या इमारतीला एक रखवालदार होता. मी जेवले नाही की माझी आई म्हणायची, बोलावू का त्याला, पोत्यात घालून नेईल. तो बिचारा हडकुळा, बारा महिने नाक ओढणारा माणूस, त्यालाच कुणी पोत्यात घालून नेलं असतं तर पोतं रिकामं वाटलं असतं. एकदा तो टाकीचा नळ वाहतोय हे सांगायला वर आला. दार मी उघडलं. त्याला पाहिलं आणि सरळ पलंगाखाली जाऊन बसले ती बाबा कामावरून येईपर्यंत. मग ताप. अजूनही कुठल्या इमारतीच्या फाटकापाशी रखवालदाराने "कुणाकडे जायचंय?" विचारलं की माझी भूक मरते, लग्नकार्याच्या जेवणांना मी त्यामुळे कित्येकदा अर्धपोटी परतले आहे. तेव्हा मुलीला जिवंत माणसाची भीती घालायची नाही, हे नक्की होतं. पोलीस नाही, डॉक्टर नाही. बागुलबुवाही नाही, कारण जो नाहीच त्याचं नाव घेणं म्हणजे खोटं बोलणं. डोंगर मात्र होता. खरा होता, लांब होता, कुणाच्या नात्यातला नव्हता आणि उठून येण्यासारखा नव्हता. इतका सगळा विचार मी अर्थात नंतर केला, ओट्यावरचं दूध पुसताना. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी बागुलबुवा होता. त्याचं एक बरं होतं. बोलावला तरी यायचा नाही."

हे घर आम्ही घेतलं तेही त्या डोंगराला भुलूनच. दलालाने आम्हाला आधी मोरी दाखवली, मग झोपायच्या खोल्या, आणि शेवटी स्वयंपाकघराची खिडकी अशी काही उघडली की जणू डोंगर त्यानेच सकाळी आणून ठेवला होता. "ताई, हे असं रोज," तो म्हणाला. नवरा त्या वेळी छताच्या तुळया बघत होता. तो काँक्रीट बनवणाऱ्या कारखान्यात आहे, तिथल्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे यंत्रात घालून फोडायचे आणि किती दाबाला फुटले ते पाहायचं, हे त्याचं काम. त्यामुळे कुठल्याही घरात गेला की तो माणसांच्या आधी तुळयांना भेटतो. मी मात्र खिडकीशी उभी राहिले. शहर संपतं तिथे, पाण्याच्या टाक्या आणि मोबाइलचे मनोरे यांच्या पलीकडे, डोंगर कुशीवर निजलेल्या माणसासारखा दिसत होता, गुडघे पोटाशी घेऊन, शहराकडे पाठ करून. एखाद्या गोंगाट्या घरात वडीलधारं माणूस भिंतीकडे तोंड करून पडतं तसा. मला त्याची ती पाठ फार आवडली. तसा तो या शहरात सगळीकडे आहे. सिटी बसच्या अंगावर आहे, दुधाच्या पिशवीवर आहे, मुंगीच्या शाळेच्या बिल्ल्यावर त्याच्या मागून सूर्य उगवतोय (खरं तर तिकडे मावळतो). तिकडे ढग आला की ऑफिसातले लोक छत्र्या शोधतात. पत्ता सांगताना लोक डावं-उजवं म्हणत नाहीत, डोंगराकडची बाजू म्हणतात. पण जाऊन आलाय का कुणी, विचारलं तर सगळे म्हणतात, जायचंय एकदा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलतात त्याच सुरात.

तर त्या दिवसापासून मुंगीने जेवण सोडलं. आधी ती थोडं खात होती, आता मुद्दाम खाईना. मला वाटलं घाबरली. रात्रभर स्वतःला दोष दिला, सकाळी तिला मांडीवर घेऊन समजावलं की डोंगर येणार नाही, आई गंमत करत होती. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने मी रखवालदाराकडे पाहायचे. "येणारे," ती म्हणाली. मग तिने मला गॅलरीत नेलं. खेळण्यांची टोपली तिने कोपऱ्यात सरकवली होती, माझी पायपुसणी जमिनीवर अंथरली होती आणि तिच्या उशाशी असतो तो फाटका ससा त्यावर ठेवला होता. "तो इथे झोपेल. पाय बाहेर राहिले तर राहू देत." मी तिला सांगितलं होतं की जेवली नाहीस तर डोंगर येईल. तिला तो यायला हवा होता. यापुढे सरळ हिशोब होता आणि तो तिने अचूक केला होता. जुनं घर सोडताना तिची शेजारची मैत्रीण सुटली होती, इथे आमच्या मजल्यावर एक दंतवैद्य आणि एक कुलूप. डोंगराशिवाय तिला रोज दिसणारं आणि रागे न भरणारं होतं कोण? मुलांच्या डॉक्टरांनी आधीच तिला काट्यावर उभं करून "हं" म्हटलं होतं. डॉक्टर "हं" म्हणतात तेव्हा त्यात किती काय काय असतं. "खेळतेय ना? मग चिंता नको. पण पुढच्या वेळी वजन वाढलेलं दिसलं पाहिजे," असं ते चष्म्यावरून म्हणाले होते, आणि ती पुढची वेळ आता तोंडावर आली होती. मी तिचे दंड बोटांनी मोजायला लागले. झोपेत, आंघोळीत, केस विंचरताना. एकदा तीच मला म्हणाली, "आई, माझा हात आहे तो. दुसरा पण आहे. तो पण बघ."

आणि दुपारी तो आवाज यायचा. रोज नाही, पण बहुतेक दिवशी, आमच्या जेवणाच्याच सुमाराला. धप्प, काच, पेले. सासूबाई दुपारी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवतात आणि झोपतात, नवरा कारखान्यात, म्हणजे ऐकणाऱ्या आम्ही दोघीच. "टाकलं," मुंगी म्हणायची आणि ताट पुढे सरकवायची. मी नवऱ्याला सांगितलं नाही. काय सांगणार होते? मी भूगोलाची पदवीधर आहे. माझी एक प्राध्यापिका होती, लांब पट्टीने नकाशावरचे डोंगर दाखवताना पट्टी अशी आपटायची की खडूची धूळ उडायची. तिनेच शिकवलं होतं की डोंगर सरकतात. नखं वाढतात त्या वेगाने, पण सरकतात. परीक्षेत मी ते उत्तर लिहिलं होतं, आणि त्या वेळी त्यात घाबरण्यासारखं काही वाटलं नव्हतं. आता मी दुपारी मुंगीला निजवून, तिची नखं कापता कापता विचार करायची, की नखं तर आठवड्याला कापावी लागतात. शिक्षणाने माझी भीती काही कमी केली नाही. तिला पुस्तकातली वाक्यं तेवढी पुरवली.

शेवटी एका दुपारी मी नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली घेतली, खिडकीपाशी गेले, हनुवटी उभ्या गजाला टेकवली, एक डोळा मिटला आणि डोंगराचा उजवा खांदा काचेवर जिथे आला तिथे बारीक ठिपका दिला. पुढे आला असेल तर मोठा दिसेल, मोठा दिसला तर ठिपका बुडेल. माझ्या सगळ्या शिक्षणाचा आयुष्यात झालेला हा पहिला उपयोग. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ठिपका बुडाला होता. डोंगर दोन बोटं वर आला होता. मुंगीला उचलून आतल्या खोलीत न्यावं, गॅस बंद करावा, सासूबाईंना उठवावं, त्यांचं यंत्र कुठल्या डबीत, असं एका क्षणात सगळं डोक्यातून गेलं, आणि मग खाली लक्ष गेलं. आदल्या दिवशी मी अनवाणी होते, आज माझ्या पायात सपाता होत्या. सपाता काढल्या, डोंगर परत गेला. मी तिथेच जमिनीवर बसून हसले, आणि मागे वळते तो सासूबाई दारात, कानात यंत्र बसवत. "काय करतेस गं?" "काच पुसतेय." "एका डोळ्याने?" म्हणाल्या आणि पाणी पिऊन गेल्या. जाता जाता वळून म्हणाल्या, "पोरगी जेवत नाही त्याचं टेन्शन घेऊन तू वेडी होऊ नकोस. दोघींना सांभाळायला माझे गुडघे नाहीत आता."

मग मी शिस्तीत पाहू लागले. अनवाणी, त्याच फरशीवर, हनुवटी त्याच गजाला. गजाचा गंज माझ्या हनुवटीला लागायचा आणि संध्याकाळी नवरा विचारायचा, हे काय लागलंय. डोंगर पुढे येत नव्हता. पण एका दुपारी, आवाज होऊन गेल्यावर, मी पाहिलं तर ठिपका आकाशात होता. खांदा त्याच्या खाली होता. मी पायांकडे पाहिलं. पाय अनवाणीच होते. डोंगर येत नव्हता, बसत चालला होता. जात होता. मुंगी मागून म्हणाली, "आलाय ना जवळ?" मी म्हटलं, "हो, आलाय थोडा." का म्हटलं कोण जाणे. आधी मी तिला खोटं घाबरवलं, आता खोटा धीर देत होते, आणि दोन्ही वेळा डोंगराचंच नाव घेऊन.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. ठिपका वगळून. मग ठिपकाही सांगितला, कारण तो म्हणाला, कमी झालंय हे तुला कसं कळलं. तो हसला नाही. भात कालवत राहिला. "सुरुंग असतील," तो म्हणाला. "खाणीतले. दुपारी उडवतात."

"कुठली खाण?"

"तीच. डोंगराची."

"तुला माहीत होतं?"

"अगं, आमची खडी तिथूनच येते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू तर मला सांगत होतीस की हनुवटीला हळद लागलीय." तेवढ्यात सासूबाईंना विषयाचा वास लागला. "काय उडवतात?" "डोंगर," मी मोठ्याने सांगितलं. "कोणी?" मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "याला फटाक्याची वात लावता यायची नाही लहानपणी," सासूबाई म्हणाल्या, "माझ्या मागे लपायचा." मी म्हटलं, रविवारी आपण मुंगीला घेऊन तिकडे जाऊ. एकदा तिने जवळून पाहिलं की डोंगराला पाय नसतात हे तिला कळेल आणि हा खेळ संपेल. नवऱ्याने आमटी वाढून घेतली. मग म्हणाला, "रस्ता मागच्या बाजूने आहे." "मग?" "काही नाही. पुढून बरा दिसतो." लग्न ठरताना माझ्या दिराच्या फोटोबद्दल तो असंच म्हणाला होता, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही.

रविवारी डबा भरला. मऊ भात, उकडलेलं अंडं, केळं; मुंगी खाणार नाही ते सगळं. शहरातून बाहेर पडायला जेवढा वेळ लागला त्यात डोंगर चांगला मोठा होत होता, आणि मुंगी माझ्या मांडीवरून पुढच्या काचेला नाक लावून होती. "आपण पण चालतोय, तो पण चालतोय," ती म्हणाली, "म्हणून लवकर भेटणार." तिने फाटका ससा बरोबर घेतला होता. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला. एका तासात हिचा मित्र जाणार, आणि तो मी घालवणार, असं वाटलं. त्याच वेळी असंही वाटत होतं की निदान अंडं तरी खाईल. मोठा रस्ता सोडून आम्ही वळलो, तिथून पुढे झाडं पांढरी होती. पानांवर इतकी धूळ की झाडांनी वयाआधी केस पिकवल्यासारखे. मग एक फाटक, फाटकावर रखवालदार. "कुणाकडे?" त्याने विचारलं. माझी भूक मेली. नवऱ्याने कारखान्याचं ओळखपत्र दाखवलं आणि आम्ही आत गेलो.

आत डोंगर नव्हता. मी काच खाली करून पाहिलं, मग उतरून पाहिलं. आमच्या खिडकीतून दिसायची ती पाठ होती, पण पाठच होती. बाकी अंग नव्हतं. आतून कापत कापत, पायऱ्या पायऱ्यांनी, पार तळापर्यंत पोखरलेलं होतं, आणि तळाशी हिरवं पाणी साचलं होतं. सुट्टीमुळे यंत्रं मान टाकून उभी होती. एका बाजूला खडीचे ढीग, बारीक, मध्यम, मोठी, वेगवेगळे लावलेले. शहराकडे तोंड करून एवढी एक भिंत उभी होती, आणि तिच्याही उजव्या खांद्याचा लचका आता गेला होता. या भिंतीचं चित्र आम्ही दुधाच्या पिशवीवर छापतो. नवरा खिशात हात घालून खडीच्या ढिगाकडे बघत होता, जसं माणूस सासऱ्यांसमोर आपल्या चपलांकडे बघतो. मुंगी गाडीतून उतरली. ससा छातीशी. मी तयारीत होते. रडली तर काय सांगायचं, नाही रडली तर काय सांगायचं.

"कुणी खाल्ला?" तिने विचारलं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो तिच्यापुढे उकिडवा बसला. तो खोटं बोलत नाही, हा त्याचा दुर्गुण आहे. "आपण," तो म्हणाला.

"मी नाही खाल्ला. मी जेवतच नाही."

"म्हणजे आपण म्हणजे... घरं. रस्ते. हे दगड फोडून त्यांची खडी करतात, खडीचं काँक्रीट करतात, त्याचं घर होतं."

"आपलं पण?"

"आपलं पण. भिंती, जिना, गॅलरी. सगळं यातलंच."

तिने वर पाहिलं, पायऱ्या पायऱ्यांवरून नजर खाली आणली, हिरव्या पाण्यापाशी थांबली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला, आणि मला कळेना की हे काय होतंय. "म्हणजे तो आलाच की," ती म्हणाली. "आपल्या आधी आला." तिने सशाला ढीग दाखवला. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण अर्धा टाकलाय. आजी रागावेल. आजी म्हणते, घेतलं तेवढं संपवायचं, नाहीतर घ्यायचं नाही." आम्ही दोघं ढिगाकडे बघत राहिलो. एकाकडे नोकरी होती, दुसरीकडे पदवी होती. "भूक लागली," मुंगी म्हणाली. ती गाडीच्या दारात बसून अख्खं अंडं जेवली, भात जेवली, केळ्याचं साल मला दिलं आणि रिकामा डबा उलटा करून दाखवला, त्या पोखरलेल्या अंगाला, आम्हाला नाही.

आता ती जेवते. डॉक्टरांनी परवा काट्याकडे बघून "हं" म्हटलं, पण वेगळं. गॅलरीतली पायपुसणी मी उचलली तर तिने हरकत घेतली नाही. पाहुणा आत आला असल्यावर बाहेर अंथरूण कशाला? ती येता-जाता भिंतीला हात लावते. झोपताना कान लावते. कधी भिंतीला एक शीत चिकटवते, आणि ते वाळून असं घट्ट होतं की मला सुरीने खरवडावं लागतं. सासूबाईंना सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी यंत्र नीट बसवलं, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी त्याला टेकून बसते रोज. पाठ का गार पडते ते आत्ता कळलं." पण त्या तेव्हापासून खुर्ची थोडी पुढे घेऊन बसतात, मी पाहिलंय. नवरा तुळयांकडे बघत नाही. आणि मी, जिचा सगळा प्रश्न सुटला, जिची मुलगी ताट चाटून पुसून ठेवते, ती मी रात्री आडवी झाले की छताकडे बघते आणि वाटतं, आपण कुणाच्या तरी पोटात आहोत की कुणीतरी आपल्या, हे एकदा नीट पाहायला हवं. काचेवरचा ठिपका मी पुसला नाही. तो आता बराच उंच आहे, एकटा, चुकून आकाशात गेलेल्या लेडीबर्ड किड्यासारखा.

काल दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो. मुंगी आता मोठ्या खुर्चीत बसते, खाली दोन उशा घेऊन. ताटातला भात तिने स्वतः कालवला. सासूबाई आत घोरत होत्या. आणि तो आवाज झाला. धप्प. काच थरथरली, पेले किणकिणले. मी नकळत तिच्याकडे पाहिलं, टाकलं म्हणेल म्हणून. तिने मान वर केली नाही.

"घास," ती म्हणाली, आणि जेवत राहिली.

तोंडातलं खाली जाईना. भाताची शितं पांढरी, करकरीत, मध्यम आकाराची, एकाला एक न चिकटलेली दिसायला लागली. मी ताट थोडं लोटलं. मुंगीने आधी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भुवया अगदी माझ्यासारख्या वर नेल्या.

"आई, खा," ती म्हणाली. "नाहीतर..."

आणि अडली. तिने खिडकीकडे पाहिलं, तिथे त्या पाठीचं जे उरलंय ते होतं. भिंतीकडे पाहिलं. आतल्या खोलीकडे पाहिलं, जिथून आजीचं घोरणं येत होतं. ती खरोखर शोधत होती, प्रामाणिकपणे, की मला कशाची भीती घालता येईल. मी वाट बघत होते. तिने नेमकं काय निवडलं असतं ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

"नाहीतर काही नाही," ती शेवटी म्हणाली. "पण खा."

मी ताट पुढे ओढलं.